तानसाच्या काठावरून

मुंबईच्या रॉयल बाँबे यॉट क्लबाचे नाव वाचकांनी ऐकले असेल. १८४६ साली स्थापन झालेला हा क्लब अपोलो बंदरावर आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत भरल्या. शिडाच्या होड्यांच्या शर्यती मात्र मुंबईच्या समुद्रात झाल्या. फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

हे मला आठवले ते शहापूर तालुक्यात, तानसाच्या काठी, ऐन वैशाखात. १८९२ साली पुरे झालेले हे दगडी धरण आजही मुंबईची तहान भागवते. एवढे विस्तीर्ण पाणी, पण त्यावर एकही शीड नाही. ते योग्यच, पिण्याच्या पाण्यात खेळ कशाला?

पण वाटेवरच्या पाड्यात बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहत होत्या. "पाणी आमच्या दारचं, पन पोचतं मुंबईला," एक आजी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

शर्यतीचे खेळाडू खाऱ्या पाण्यावर झुंजले. किनाऱ्यावर त्यांच्या घशाला ओलावा दिला तो याच डोंगरांनी. मुंबईकरांनो, पदके मोजताना आजीचा रिकामा हंडाही एकदा मोजा.