सड्यावरून वाडींत

कोंकणांतील घराची वाट बहुधा शेवटच्या मैलांत अडते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडकथेनें वर्तमानपत्रांचे रकाने वर्षानुवर्षें भरत आले. परंतु त्या महामार्गावरून उतरल्यावर तालुक्याचा रस्ता, त्यापुढें जिल्हा परिषदेची अरुंद डांबरी, आणि ती डांबरीहि सड्यावर संपली म्हणजे उरलेला जांभ्या दगडाचा उतार कसा उतरावयाचा, हा प्रश्न कोणी छापीत नाहीं. तो ज्याचा त्यानें सोडवावयाचा असतो. आमचें मूळ घर बाणकोट व केळशी यांच्या मधल्या किनाऱ्यावर एका वाडींत आहे. डांबरी वर सड्यावर, घर खालीं माडांच्या छायेंत, आणि दोहोंमध्यें सव्वा किलोमीटरची जुनी बैलगाडीची वाट. पावसाळ्याचे चार महिने ती ओढा होते. उरलेले आठ महिने गोट्यांचा ढीग. दोन्ही अंगांस जांभ्याचे गडगे आहेत, आणि ते ज्यांचे त्यांचे असल्यामुळें हलविण्याचा विषय निघतांच तीन पिढ्यांचे कागद बाहेर येतात.

या घरांत आमच्या काकू राहतात. गड्याचें कुटुंब शेजारीं आहे, पण आप्तांपैकीं जवळ कोणी नाहीं. पुण्यास येऊन राहण्याचा आग्रह आम्हीं सर्वांनीं आळीपाळीनें केला, तेव्हां त्यांनीं प्रत्येकाचें शांतपणें ऐकून घेतलें आणि दुसऱ्या दिवशीं आमसुलें वाळत घातलीं. २०२१ च्या जुलैंत, ज्या आठवड्यांत चिपळूण बुडालें व महाडजवळ तळिये गांवावर दरड कोसळली, त्याच आठवड्यांत काकूंना न्यूमोनिया झाला. भाड्याची मोटार सड्यावर येऊन उभी राहिली. तिच्यापर्यंत काकूंना लांकडी खुर्चीस बांबू बांधून चौघा शेजाऱ्यांनीं नेलें. एकजण पुढें राहून काठीनें वाट चाचपीत होता. पाऊण तास लागला. काकू बऱ्या झाल्या. परंतु त्या पाऊण तासानंतर आमच्या घरांत गाडीचा विषय हौसेचा राहिला नाहीं.

अशा वाटेसाठीं निर्माण झालेल्या गाड्या आज मुख्यतः हौसेच्या म्हणून खपतात, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. मुळांत ती लष्कराची आणि शेतकऱ्याची वस्तु. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं घडविलेली विलीज जीप १९४७ मध्यें मुंबईंत जोडली जाऊं लागली, आणि पुढें ‘जीप’ हा शब्दच आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसला. १९८५ च्या अखेरीस जिप्सी आली. सैन्य, पोलीस व वनखातें यांनीं तिला तीस वर्षांहून अधिक काळ राबविलें. २ ऑक्टोबर २०२० रोजीं नाशिकच्या कारखान्यांत तयार होणारी नवी थार बाजारांत आली, तिच्यासाठीं लोकांनीं महिनोन्‌महिने वाट पाहिली. त्यानंतर ७ जून २०२३ रोजीं पांच दारांची जिम्नी आली. आमच्या पुतण्याचें मन थारवर बसलेलें. थोरल्या बंधूंचें कशावरच नाहीं. ‘नव्या गाडीचें पहिलें वर्ष हें कारखान्याचें शिक्षण असतें, त्याची फी आपण कां भरावी?’ असें त्यांचें म्हणणें.

त्या वर्षीं अधिक श्रावण होता. अधिक महिन्यांत जावयास वाण द्यावें, अनारसे खाऊं घालावे, अशी रीत आहे. आमच्या जावईबुवांनीं उलटाच प्रकार केला. नुकतीच घेतलेली जिम्नी दारांत उभी करून ते म्हणाले, ‘तुम्ही सर्वजण कागदावरच गाडी पाहत आहां. एकदां काकूंच्या वाटेवर घालून पाहूं या.’ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही निघालों. निघालों ते चौघेच, कारण त्या गाडींत पांचवें आसन नाहीं. अकरा माणसांच्या कुटुंबासाठीं चौघांची गाडी, ही गोष्ट थोरल्या बंधूंनीं पौड येईपर्यंत दोनदां बोलून दाखविली.

मुळशीचें धरण भरत आलें होतें. ज्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला, त्याच्या परिसरांत आतां पावसाळी सहलींच्या मोटारी दाटीनें उभ्या असतात व कणसें भाजल्याचा धूर पसरलेला असतो. ताम्हिणीचा घाट धुक्यांत बुडालेला. धबधबे इतके, कीं मोजण्याचा नाद मुलांनींहि सोडून द्यावा. पंधरवड्यापूर्वींच, १९ जुलैच्या रात्रीं, खालापूरच्या बाजूस इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला होता. तेथें मोटाररस्ता नव्हता. मदतीस जाणाऱ्यांना चिखलांतून पायीं चढावें लागलें व यंत्रें वर नेतां येईनात. गाडींत कोणी तो विषय काढला नाहीं, पण घाटांत एके ठिकाणीं सुटलेल्या दरडीची ताजी लाल माती दिसली तेव्हां सर्वजण एकाच वेळीं गप्प झाले.

माणगांव, म्हसळें करीत दुपारीं श्रीवर्धन गांठलें. पेशव्यांचें हें मूळ गांव पूर्वीं सुपारीच्या बागांत असें झांकलेलें असे, कीं घरें शोधावीं लागत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें त्या बागा आडव्या केल्या. नवीं रोपें आतां माणसाच्या उंचीस आलीं आहेत. सुपारीस फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, म्हणजे लावणाऱ्याची कसोटी अजून संपावयाची आहे. आमच्याहि वाडींतील तेरा माड व सात कलमें त्या दिवशीं गेलीं, आणि गाडीसाठीं बाजूस ठेवलेल्या रकमेंतील बराच भाग त्यांच्याबरोबर गेला.

हरिहरेश्वरापुढें बागमांडल्यास सावित्रीची खाडी लागते. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी येथें समुद्रास मिळते. पलीकडचा कांठ वेसवीचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा. मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आहे म्हणून बरें; नाहींतर समोर दिसणाऱ्या गांवास जाण्यासाठीं मोठा वळसा पडतो. बोटींत आमच्या शेजारीं एक जुनी बोलेरो उभी होती; मागें माशांच्या टोपल्या, पुढें पांच माणसें. तिचा मालक आमच्या चकचकीत गाडीभोंवतीं एक फेरी मारून म्हणाला, ‘छान आहे. पण पत्रा ठोकायला माणूस कुठें मिळतो ह्याचा?’ थोरल्या बंधूंना मनाजोगता साक्षीदार मिळाला. वेसवी ते वेळास, म्हणजे नाना फडणविसांच्या गांवापर्यंत, दोघांच्या वादांत त्या बोलेरोवाल्याचें नांव सहा वेळां निघालें असेल.

ऑगस्टांतला सडा ज्यानें पाहिला नाहीं त्यास कोंकण अर्धेंच ठाऊक. एरवीं तव्यासारखा तापणारा तो काळा कातळ या दिवसांत गवतानें भरतो. खोलगट जागीं पाणी सांचतें आणि त्याच्या कडेनें सीतेच्या आसवांची निळी-जांभळी नक्षी उमटते. डांबरी संपली तेथें जावईबुवांनीं गाडी थांबविली, गिअरच्या दांड्यामागचा दुसरा दांडा दाबून खालच्या टप्प्यांत घातला, आणि आम्हांस उतरावयास सांगितलें. या टप्प्यांत इंजिन तितक्याच वेगानें फिरतें पण चाकें फारच हळू फिरतात. त्यामुळें उतारावर ब्रेक धरून बसावें लागत नाहीं, इंजिनच गाडीस मागें ओढून ठेवतें. ओल्या जांभ्यावर ब्रेक दाबला कीं चाक घसरतें, म्हणून या गोष्टीचें मोल फार. दुसरी अडचण खड्ड्यांची. एक चाक अधांतरीं लोंबलें म्हणजे सामान्य गाडीचा सारा जोर त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकांत वाया जातो व जमिनीवरचें चाक स्वस्थ बसतें. येथें त्या मोकळ्या चाकास यंत्र आपोआप ब्रेक लावतें आणि जोर पलीकडच्या चाकास मिळतो. गाडीचें पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच. तेंहि दोन ठिकाणीं उपयोगीं पडलें.

मी छत्री घेऊन मागून चालत होतों. थोरले बंधु पुढें, हातांत मोजपट्टी. निम्म्या उतारावर वाट वळते, तेथें गडगे सर्वांत जवळ येतात. पट्टी लावली तेव्हां अंतर भरलें १९०५ मिलिमीटर, म्हणजे सव्वा सहा फूट. जिम्नीची रुंदी १६४५. आरसे मिटून ती दोन्हीकडे वीतभरहि जागा न सोडतां निघून गेली. थारची रुंदी १८०० मिलिमीटरांहून अधिक. सरळ वाटेवर कदाचित् निभावलें असतें, वळणावर नाहीं. पुतण्या बराच वेळ त्या गडग्याकडे पाहत राहिला. जी गोष्ट वडील मंडळींना सहा महिन्यांत पटवितां आली नव्हती ती जांभ्याच्या दोन भिंतींनीं एका मिनिटांत पटविली. मला त्याचें वाईटहि वाटलें. त्या गाडीचीं छायाचित्रें त्याच्या अभ्यासाच्या मेजावर वर्षभर होतीं.

रात्रीं पडवींत कंदील लावून (वीज दुपारींच गेली होती) खरा खल झाला. थोरल्या बंधूंजवळ एक भक्कम दाखला होता: नवी थार आली त्या वर्षीं, ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या अवधींत बनलेल्या १५७७ डिझेल गाड्या इंजिनाच्या कॅमशाफ्टच्या तपासणीसाठीं कारखान्यानें परत बोलाविल्या होत्या. गाडी वाईट असा त्याचा अर्थ नव्हे. दोष आपण होऊन शोधणारा कारखानदार न शोधणाऱ्यापेक्षां बरा. परंतु पहिल्या खेपेची जोखीम कशास म्हणतात, तें त्यावरून कळतें. यावर जावईबुवांचें उत्तरहि विचार करण्यासारखें होतें. गाडी आपल्याकडे नवी असली तरी तिचा सांगाडा व आंस २०१८ पासून परदेशांत तीन दारांच्या रूपानें चालत आहेत. इंजिन तर १४६२ सी.सी.चें तेंच, जें २०१८ पासून सियाझ व अर्टिगा या गाड्यांत बसविलेलें. म्हणजे मंडणगड-दापोलीच्या कारागिरांनीं तें उघडून पाहिलेलें. नवा फक्त संसार, माणसें जुनीं. नव्या वस्तूची परीक्षा करतांना तिच्यांत नवें नेमकें काय, हें आधीं विचारावें, ही त्यांची पद्धत मला तरी पसंत पडली.

पुनर्विक्रीच्या प्रश्नास मात्र तसें उत्तर नव्हतें. चार माणसांची, मागच्या आसनांमागें जेमतेम २०८ लिटर जागा असलेली पेट्रोलची गाडी पुढें कोण घेणार? जुनी जिप्सी घ्यावी, ही माझी सूचना कोणी मनावर घेतली नाहीं, आणि तें योग्यच होतें. पंधरा वर्षांनीं नोंदणी नव्यानें करून घ्यावी लागते. शिवाय चांगली राहिलेली जिप्सी हौशी लोक कधींच सोडीत नाहींत, बाजारांत येते ती बहुधा थकलेली. शेवटीं काकू आंतून आल्या. म्हणाल्या, ‘अरे, विकायची कधीं तें ठरवतां आहां, आणायची कधीं तें ठरवा कीं.’ आणि दिवा बारीक करून गेल्या.

थोरल्या बंधूंनीं तरीहि निकाल एक पावसाळा लांबणीवर टाकला. त्यांचा अंदाज व्यवहाराच्या बाजूनें अचूक ठरला. डिसेंबर २०२३ मध्यें जून महिन्यांत १२ लाख ७४ हजारांपासून सुरू झालेली तीच गाडी एका विशेष आवृत्तीच्या नांवाखालीं १० लाख ७४ हजारांपासून मिळूं लागली. नव्याची किंमत उतरली म्हणजे जुनीची त्याबरोबर उतरते, हा बाजाराचा नियमच आहे. जावईबुवांची गाडी जागच्या जागीं दोन लाखांनीं हलकी झाली. त्यांस चिडवावयास सारे टपलेले, पण ते शांत. ‘चार वर्षांत विकली तर वर्षास पन्नास हजार गेले, दहा वर्षें ठेवली तर वीस हजार. मी वीस हजारांचा गिऱ्हाईक आहें.’ २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गाच्या गाडीवरील कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला, तेव्हां वापरलेल्या गाडीच्या भावास पुन्हा तसाच चिमटा बसला. गंमत अशी, कीं येथें सवलत देऊन खपविलेली हीच हरियाणांत बनणारी पांचदारी गाडी २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस जपानांत जाहीर झाली, तेव्हां चार दिवसांत सुमारें पन्नास हजार मागण्या आल्या व नोंदणी थांबवावी लागली. वस्तूचा भाव तिच्या गुणांपेक्षां, ती कोणत्या दारांत उभी आहे यावर ठरतो, असें थोरले बंधु तेव्हांपासून म्हणतात. पूर्वीं ते असें कांहीं म्हणत नसत.

९ एप्रिल २०२४ च्या पाडव्यास आम्हीं सवलतीच्या भावांत पांढरी जिम्नी घेतली. पैसे तिघा भावांनीं सारखे घातले; पुतण्यानें पहिल्या पगारांतून चटया व पट्टे आणले. मेच्या अखेरीस ती वाडींत नेऊन ठेवली व गड्याच्या मुलास चालविण्यास शिकविली. दापोलीचा तंत्रज्ञ दर सहा महिन्यांनीं पाहून जातो. जांभ्याच्या धुळीनें हवेची गाळणी लौकर भरते, ती आम्ही पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीच्या निम्म्यांत बदलतों. खाऱ्या वाऱ्यासाठीं खालचा सांगाडा पावसाळ्याच्या आधीं व नंतर गोड्या पाण्यानें धुऊन घेतों. याशिवाय खर्च अजून झालेला नाहीं.

एक अडचण मात्र कोणाच्याच ध्यानीं आली नव्हती. गाडी उंच, आणि काकूंचे गुडघे दुखरे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांना न्यावयाचें होतें त्या दिवशीं पाऊस मुसळधार होता, गाडी अंगणांत पायरीशीं लागली, दार उघडलें, आणि काकू तिच्याकडे पाहून म्हणाल्या, ‘मला काय घोड्यावर बसवतां रे?’ गड्याच्या मुलानें देवघरांतला फणसाचा जुना पाट आणून पायरी केली. काकू त्यावर पाय देऊन चढल्या, आणि सड्यापर्यंत त्यांनीं खिडकींतून दोन्ही अंगांच्या गडग्यांकडे पाहत, कोणाच्या कुंपणावर काय उगवलें आहे तें सांगितलें. अकरा मिनिटें लागलीं. पाट तेव्हांपासून मागच्या आसनाखालीं असतो, आणि देवघरासाठीं सुतारानें नवा केला आहे.