राहुकाळ आणि विवाहसंस्कार

पंचांग हा शब्द ऐकताच आपल्यापैकी कित्येकांना ते परक्या धर्माचे प्रकरण वाटते. वास्तविक तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची पाच अंगे होत, आणि त्यांचा पाया चंद्रसूर्याच्या गतीच्या गणिताचा आहे. या गणिताचे ख्रिस्तसभेला कधीच वावडे नव्हते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा आपला पुनरुत्थानाचा सण. ही गणना बिघडू लागली तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर मोजावयास लावला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले 'कालनिर्णय' आपल्याही अनेक घरांच्या भिंतीवर असते. त्यात एकादशीप्रमाणे नाताळही असतो.

अडचण येते ती शुभाशुभ वेळांपाशी. बोरिवलीच्या आमच्या धर्मग्रामातील एका मुलीचा विवाह मुलुंडच्या हिंदू मुलाशी ठरला. धर्माध्यक्षांची अनुज्ञा मिळाली, रविवारी सायंकाळी साडेचारची वेळ नक्की झाली. तोच वराच्या मातोश्रींचा निरोप आला: रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो, तेवढा टाळता येईल काय? दिवसाच्या आठ भागांपैकी तो एक. सूर्योदय सहाचा धरला तर प्रत्येक भाग दीड तासाचा होतो. मुलीचे वडील संतापले. "फादर, देवळात कसला राहुकाळ?" आम्ही साडेसहाची वेळ दिली. सुनेला घरात घेण्यासाठी त्या माउलीने पुष्कळ सोडले होते. दोन तास आम्हांला जड नव्हते.

पुढे आमच्याच एका सज्जन धर्मग्रामस्थाने नव्या दुकानाच्या आशीर्वादासाठी मंगळवारची साडेतीनची वेळ घेतली, आणि त्याच राहुकाळासाठी ती बदलून मागितली. "फादर, पाळले तर बिघडते कुठे?" आम्ही म्हणालो, "उद्या गिऱ्हाईक कमी झाले, तर तुम्ही हिशेब तपासण्याऐवजी घड्याळाला दोष द्याल." वेळ बदलली नाही.

या दोन उत्तरांत विसंगती आहे, असे काहींनी आम्हांला सुनावले. पण संत पौलाचीही दोन उत्तरे आहेत. रोमकरांस लिहिताना, कोणी एखादा दिवस अधिक मानीत असेल तर त्याला दोषी ठरवू नये, असे तो शिकवतो. मात्र दिवस-महिने पाळण्यात पुन्हा अडकू पाहणाऱ्या गलतीकरांना तो कठोर शब्दांत खडसावतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे ही प्रीती. ख्रिस्ताला ओळखूनही स्वतः घटकेला भिणे ही गुलामगिरी.

प्रभूला ज्या दिवशी क्रुसावर खिळले, त्या दिवसाला आपण शुभ शुक्रवार म्हणतो. एवढे ज्याच्या मनात ठसले, त्याने शेजाऱ्याचे पंचांग आदराने पाहावे आणि आपले काम प्रभूचे नाव घेऊन कोणत्याही वेळी आरंभावे.