बापाची बुलेट

चिंचोटी फाट्यावर, अहमदाबाद महामार्ग सोडून रस्ता कामण-भिवंडीकडे वळतो तिथे, एका गॅरेजात एक जुनी बुलेट उभी असते. स्टँडवर कललेली, हँडल एकीकडे वळवलेलं. पारावर बसलेल्या थोरल्या काकांसारखी ती येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळते, पण सहसा उठत नाही. उठवायची तर रीत पाळावी लागते. किक हळूहळू दाबत मीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसर ओढून किक आणखी जराशी खाली न्यायची, तो सोडायचा आणि मग सगळं वजन टाकायचं. यात घाई झाली की ती उलटी लाथ घालते. गॅरेजवाल्यांच्या नडगीवर तिची जुनी खूण आहे. गिऱ्हाईक नवखं असलं की ते पँट वर करून ती कौतुकानं दाखवतात.

जन्मानं ही इंग्लंडची. 1955च्या सुमारास मद्रासची झाली. आमच्याकडे मात्र तिची जात एकच, पाटलाची. फौजदार, ऊसवाला बागायतदार, सरपंचाचा मुलगा यांच्याखेरीज कुणाच्या बुडाखाली ती शोभते असं गावाला वाटतच नसे. आधी तिचा आवाज येणार, मग माणूस. आवाज ऐकूनच पोरं वाटेतून बाजूला व्हायची.

29 एप्रिल 2016ला ‘सैराट’ सिनेमा लागला आणि तिच्यावर त्याची नायिका आर्ची बसली.

तोवर कोवळ्या प्रेमाच्या सिनेमात गाडी मुलाची आणि मागची सीट मुलीची, असा जणू करारच होता. नागराज मंजुळे यांनी तो मोडला. करमाळ्याच्या मातीत त्यांनी मुलीला बुलेटवरून कॉलेजात आणलं, ट्रॅक्टरवरही बसवलं. आर्ची झाली होती अकलूजची रिंकू राजगुरू, तेव्हा शाळकरी. पावणेदोनशे किलोंहून जड धूड त्या वयाच्या मुलीला पेलताना पडद्यावर पाहिलं, आणि आमच्या थिएटरात बायकांच्या शिट्ट्या मी पहिल्यांदा ऐकल्या. गिअरच्या गाडीला कायदा अठरा वर्षं पुरी मागतो. आर्चीचं लायसन्स कुणीच विचारलं नाही. पाटलाच्या लेकीला कोण विचारणार?

मला वाटतं, सिनेमाची खरी मेख तिथेच आहे. ती बुलेट आर्चीची कधी नव्हतीच. वाड्याचा दरारा ती चावी फिरवून अंगणाबाहेर काढत होती, इतकंच. तिच्या प्रियकराबरोबर, पारध्याच्या परश्याबरोबर, ती पळाली तेव्हा धावती रेल्वे पकडावी लागली, बुलेट कामाला आली नाही. पुढे हैदराबादेत झोपडपट्टीतली खोली, तिला बाटल्यांच्या कारखान्यातलं काम, त्याला डोशाचा तवा. उत्तरार्धात मी त्या आवाजासाठी कान लावून बसलो होतो. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन केवढा वाद्यवृंद वाजवून घेतला, पण मला हवी होती ती डुगडुग. ती आली नाही. शेवटी तर मंजुळ्यांनी आवाजच काढून घेतला. त्या शांततेत त्या दोघांचं लहान मूल चालत राहतं.

त्यानंतर आमच्या फाट्यावर बुलेटवाल्या मुली दिसू लागल्या. किकची कटकट नव्या गाडीला नाही, बटण दाबलं की झालं. जुनीला हे पटत नसावं, असं मला उगाच वाटतं.

मागच्या श्रावणातली गोष्ट. चिंचोटीच्या धबधब्यावर बंदीचा हुकूम होता. दरवर्षी तिथे कुणी ना कुणी बुडतं, म्हणून पोलीस जोड्यांना फाट्यावरूनच परत पाठवत होते. असंच एक जोडपं परतताना गॅरेजपाशी थांबलं. पुढे मुलगी, चिंब भिजलेली. मागे मुलगा, दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरून. चेन करकरत होती. गॅरेजवाल्यांनी उकिडवं बसून तेल सोडलं, चाक हातानं फिरवलं.

“गाडी कुणाची?”

“पप्पांची.”

“ठाऊक आहे त्यांना?”

मुलगी हसली. मुलगा हसला नाही. तो महामार्गाकडे बघत होता. तिनं बटण दाबलं. कोपऱ्यातल्या जुनीच्या टाकीवर ठेवलेला पाना त्या आवाजानं थरथरत कडेला आला. गॅरेजवाल्यांनी तो उचलून खिशात टाकला.