कोर्लईची पाळण्यातली भाषा

अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की उजव्या हाताला समुद्रात शिरलेला एक डोंगर दिसतो. त्यावर कोर्लईचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो 1594 मध्ये जिंकला. गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन आम्ही तो पाहावयास गेलो. मनात राहिले ते मात्र पायथ्याचे गाव.

एका उंबरठ्यावर एक आजी दोन-अडीच वर्षांच्या नातवाला भरवीत होती. ती काही म्हणे, तो मान हलवून उलट उत्तर करी. त्यातला एकही शब्द आम्हांस उमगेना. शेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीला विचारले, तेव्हा ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "आमची भाषा आहे ती." त्या भाषेचे नावही तेच आहे: 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा.

सोळाव्या शतकात चौल-रेवदंड्यास पोर्तुगीजांचे ठाणे बसले. शिपायांनी येथल्या स्त्रियांशी विवाह केले. एकमेकांचे बोलणे पुरते कळत नसल्याने मोडक्यातोडक्या पोर्तुगीजवर व्यवहार चाले. मोठ्यांना ती कामापुरती बोली होती. तान्ह्या मुलांच्या कानी मात्र प्रथम तीच पडली. मूल व्याकरण शिकून बोलत नाही. कानी पडेल त्यातून ते आपले नियम आपणच बसविते. अशा बोलीला जेव्हा मुले मातृभाषा म्हणून वाढवितात, तेव्हा भाषापंडित तिला 'क्रिओल' म्हणतात.

1740 मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले. भाषा मागे राहिली. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्या मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. चहूकडच्या मराठीने तिला असे वळण दिले. देणेघेणे दुहेरीच होते. आपल्या पेढीवरील 'चावी' आणि 'पगार' हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले आहेत.

आज ही भाषा बोलणारी माणसे हजाराच्या आसपास आहेत. राज्यकर्ते गेले, तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती टिकली, कारण प्रत्येक आईने पाळण्याशी तीच वापरली. आता मुले मराठी शाळेत जातात, नोकरीसाठी गाव सोडतात. जी आई मुलाशी मराठीत बोलू लागते, तिच्या घरी ही साखळी तुटते. त्यासाठी कोणाची बंदी लागत नाही.

वाचकहो, परतताना मी गप्प होतो. आमच्या घरी आईची मारवाडी, पेढीची मराठी आणि नातीच्या शाळेची इंग्रजी नांदते. आई मारवाडीत विचारते, नात इंग्रजीत उत्तर देते, आणि मध्ये बसून मी दुभाष्याचे काम करतो. याला आम्ही आजवर कौतुकाने प्रगती म्हणत आलो.

त्या रात्री घरी पोहोचल्यावर आईला म्हटले, "आज हिला गोष्ट तुम्ही सांगा. मी मध्ये बोलणार नाही." नातीला निम्मे कळले नाही. तरी ती शेवटपर्यंत जागी होती, आणि तिने दोन शब्दांचे अर्थ स्वतः पणजीलाच विचारले.