रडू द्यायचं की उचलायचं?

आमचे चिरंजीव आठ महिन्यांचे आहेत आणि रात्री तीनच्या ठोक्याला भोंगा लावतात. नवरा इंटरनेटवरून ज्ञान घेऊन आला: वेगळ्या खोलीत झोपवा, रडला तरी उचलू नका, चार दिवसांत सवय लागते. आईचं एकच वाक्य, "अगं, उचल आधी त्याला!" तिसऱ्या रात्री मी बंद दाराबाहेर घड्याळ बघत बसले होते. सकाळी एका स्टोरीसाठी जुन्नर गाठलं, तेही अर्धवट झोपेत.

जुन्नर-आंबेगाव म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे बिबट्या. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि माद्या त्या गर्द फडातच पिल्लं घालू लागल्या. तोडणीच्या हंगामात कोयता चालवता चालवता एखाद्या सरीत मांजराएवढी दोन-तीन पिल्लं सापडतात. मग माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं येतात. वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस मिळून तिथलं काम बघत आले आहेत. डॉक्टर पिल्लं तपासतात. संध्याकाळी ती जिथे सापडली तिथेच क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जाऊन थांबतात. अंधारात आई येते. मी एक क्लिप पाहिली. ती क्रेटभोवती फिरते, हुंगते, थबकते, मग एकेकाला मानेशी धरून घेऊन जाते. मला हुंदकाच आला. (झोप झाली नव्हती, म्हटलं ना.)

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1969 मध्ये लिहिलं की बाळ आईला चिकटतं ते नुसतं दुधासाठी नाही, तर हिंस्र श्वापदांपासून वाचण्यासाठी. एकटं पडलेलं पोर म्हणजे शिकार. दक्षिण आफ्रिकेत स्वार्टक्रान्सच्या गुहेत माणसाच्या एका प्राचीन भाऊबंदाच्या पोराची कवटी सापडली. तिला दोन भोकं होती. त्यात बिबट्याचे सुळे बरोब्बर बसतात, हे सी. के. ब्रेन यांनी 1970 मध्ये दाखवलं. म्हणजे माझ्या लेकाला फ्लॅटची कडी-कुलपं ठाऊकच नाहीत. तो लाखो वर्षांपूर्वीच्या अंधारात रडतोय.

आणि काही जणांसाठी तो अंधार आजही संपलेला नाही. परतताना एका बांधावर साडीची झोळी दिसली. आत तान्हं, शेजारी राखणीला सहा-सात वर्षांची बहीण. आई मोळी बांधताना दर मिनिटाला मान वर करून बघत होती. याच भागाला लागून असलेल्या शिरूरच्या पिंपरखेडमध्ये 2025 साली बिबट्याने मुलांचे जीव घेतले. तिला "रडू दे" कोण सांगणार?

बोल्बींचं एक मात्र मला खटकतं. सगळा भार आईवर! सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 2009 च्या पुस्तकात मांडलंय की माणसाचं मूल एकट्या आईने कधी वाढवलंच नाही. आजी, मावशी, बाप, थोरली भावंडं, सगळे हात लागले. बिबट्याची मादी एकटी असते, आपण नाही.

त्या रात्री तीन वाजता भोंगा वाजला. मी कुशीवर वळले आणि नवऱ्याला कोपर मारलं, "ऊठ, तुझा नंबर."