भिंतीवरील मोटार

घरांतील भिंत कोणाची, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या कुटुंबांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें तो देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या प्रश्नाइतकाच नाजूक होऊन बसतो. बैठकीच्या खोलींत पूर्वजांच्या तसबिरी असाव्यात, एखादें देवादिकांचें चित्र असावें, दिनदर्शिका असावी, येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें. त्यापुढें मात्र प्रत्येक पिढीची आवड निराळी. आमच्या पिढीनें सिनेमांतील नटनट्यांचीं चित्रें कपाटाच्या दाराला आंतल्या बाजूनें चिकटविलीं. आजची पिढी आपल्या आवडीचीं चित्रें उघडपणें भिंतीवर लावते, हाच काय तो फरक.

आमच्या जोगेश्वरीच्या घरांत या प्रश्नानें जें रूप घेतलें त्याची हकीकत सांगण्यापूर्वीं, ज्या जातीच्या चित्रावरून तो उपस्थित झाला त्या जातीची ओळख वाचकांस करून देणें अवश्य आहे. कारण आमच्या समवयस्कांपैकीं फारच थोड्यांनीं तीं चित्रें नीट न्याहाळलीं असतील. हीं चित्रें म्हणजे रॉक नामक पाश्चात्य संगीताच्या जलशांचीं पोस्टरें. आणि त्यांतहि ज्यांवर 'हॉट रॉड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारी काढलेल्या असतात तीं.

हॉट रॉड म्हणजे काय? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९३० नंतरच्या दशकांत तरुण मुलें जुन्या, स्वस्तांत मिळणाऱ्या फोर्ड मोटारी घेत, त्यांचे मडगार्ड काढून टाकीत, अनावश्यक वजन उतरवीत, अधिक जोरकस इंजिन बसवीत, आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर शर्यती लावीत. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनीं हा नाद वाढविला. १९४८ सालीं 'हॉट रॉड' याच नांवाचें मासिकहि निघालें. अशा मोटारीचें इंजिन बहुधा उघडें, मागचीं चाकें मोठीं, पुढचा भाग जमिनीकडे झुकलेला, आणि अंगावर ज्वाळा रंगविलेल्या. पुढें एड रॉथ (१९३२-२००१) या कारागिरानें 'रॅट फिंक' नांवाचा, डोळे बाहेर आलेला एक ओंगळ उंदीर निर्माण केला आणि मोटारी हांकणाऱ्या राक्षसांचीं चित्रें सदऱ्यांवर छापून पोरांना वेड लावलें.

या वेड्याविद्र्या मोटारींचा संगीताशीं संबंध कसा जडला, हें समजण्यास स्टॅन्ले माउस या चित्रकाराचें चरित्र पुरेसें आहे. त्यांचा जन्म १९४० चा. ते वाढले मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरांत. तेथील मोटारींच्या प्रदर्शनांतून हवेच्या दाबानें रंग फवारणारें यंत्र हातीं घेऊन ते सदऱ्यांवर हॉट रॉड काढून देत. मग ते सॅन फ्रान्सिस्कोस गेले, आणि १९६६ पासून ऑल्टन केली या मित्राबरोबर जलशांचीं पोस्टरें करूं लागले. त्याच वर्षीं या जोडीनें 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदासाठीं गुलाबपुष्पांनीं वेढलेल्या सांगाड्याचें जें पोस्टर केलें, त्यांतील सांगाडा उमर खय्यामच्या रुबायांच्या एका जुन्या इंग्रजी आवृत्तींतून, एडमंड सलिव्हन यांच्या चित्रावरून घेतलेला आहे. ज्या खय्यामला माधव ज्यूलियन यांनीं मराठींत आणलें, तोच खय्याम दुसऱ्या वाटेनें तिकडे रॉकच्या भिंतीवर जाऊन पोंचला, हें वाचून आम्हांस मौज वाटली.

मुंबईस ही संगीताची लाट नवी नव्हे. १९८६ पासून धोबीतलावाच्या रंगभवनांत 'इंडिपेंडन्स रॉक' नांवाचा जलसा होत असे. इस्पितळाच्या सान्निध्यामुळें तो परिसर शांतताक्षेत्र ठरला आणि २००३ च्या सुमारास रंगभवनांतील वाद्यें थांबलीं. पुढें २०२२ सालीं हाच जलसा मुंबईंत पुनः भरला तेव्हां त्याच्या नांवामागें एका मोटार-कारखानदाराचें, म्हणजे महिंद्र यांचें, नांव लागलेलें होतें. मोटार आणि रॉक यांची सोयरीक इकडेहि जुळली आहे, ती अशी. मात्र हॉट रॉड आपल्या रस्त्यांवर सहसा दिसणार नाहीं. मोटार-वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखान्यानें ठरविलेल्या मूळ रचनेंत मालकास मनमानी फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत तें निक्षून सांगितलें आहे. सारांश, आपल्या देशांत ही मोटार धांवूं शकते ती बव्हंशीं कागदावरच.

आतां आमच्या घराकडे वळूं. आमचे वडील बंधु, ज्यांस सर्वजण दादा म्हणतात, त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें मित्रांच्या वाद्यवृंदासाठीं एक पोस्टर केलें. त्यावर अमेरिकन फोर्ड नव्हती. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी होती. तिचें बॉनेट काढून इंजिन उघडें केलेलें, मागचीं चाकें रहाटगाडग्याएवढीं, दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे, आणि देवनागरी अक्षरांच्या शिरोरेघेंतून निघालेल्या ज्वाळा थेट टॅक्सीच्या टपापर्यंत गेलेल्या. हें चित्र त्यानें बैठकींत आमच्या वडिलांच्या तसबिरीशेजारीं लावलें. दादांनीं तें सायंकाळीं पाहिलें आणि रात्रीं जेवतांना ते कोणाशींहि बोलले नाहींत.

भिंतीचा वाद दोन दिवसांत मिटला असता. परंतु तिसऱ्या दिवशीं मुलानें सांगून टाकलें कीं, पदवी घेतल्यावर आपण नोकरीस जाणार नाहीं. दोन मित्रांसह स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा छापखाना काढणार आणि असलींच चित्रें करणार. घरांत एकच गहजब झाला. दादा म्हणाले, "आपल्या घराण्यांत पोथ्या लिहिल्या गेल्या, जाहिराती रंगविण्याचें काम कोणीं केलें नाहीं." सूनबाई रडूं लागल्या. आणि तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविल्यामुळें न्यायनिवाड्याचें काम रीतीप्रमाणें आमच्याकडे आलें. मुलगा एवढेंच म्हणाला, "नाना, तुम्ही आधीं चित्र नीट बघा, मग काय तें सांगा."

त्याची मागणी आम्हांस रास्त वाटली. कामसूत्राचा टीकाकार यशोधर यानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. याच कसोटीवर तें पोस्टर घासून पाहण्याचें आम्हीं ठरविलें.

रूपभेद ठीक होता. ही पद्मिनीच, अँबॅसडर नव्हे, हें लांबूनहि कळत होतें. प्रमाण उघडच मोडलेलें होतें; पण विष्णुधर्मोत्तराचें चित्रसूत्रहि हंस, मालव्य, शशक इत्यादि पुरुषांस निरनिराळीं प्रमाणें देतें, सर्वांस एकच माप लावीत नाहीं. हॉट रॉडचेंहि आपलें माप आहे: मागें उंच, पुढें नीच, आणि तें मुलानें कसोशीनें पाळलें होतें. भाव तर इतका होता कीं ती निर्जीव टॅक्सी खवळलेल्या रेड्यासारखी भासत होती. लावण्य मात्र आम्हांस आढळलें नाहीं, आणि तसें आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें.

वर्णिकाभंगाची परीक्षा करण्यासाठीं त्यानें आम्हांस छपाई दाखविली. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. चित्राचा जो भाग छापावयाचा तेवढीच जाळी मोकळी ठेवून बाकीची बुजवितात. मग रबराच्या पट्टीनें शाई ओढली कीं ती मोकळ्या जागेंतून कागदावर उतरते. प्रत्येक रंगास निराळी चौकट. पिवळ्यावर पारदर्शक तांबडा पडला कीं नारिंगी आपोआप होतो. चौकट केसभर सरकली तर सर्व कागद वाया. लग्नपत्रिका या रीतीनें छापतात हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु पांच रंगांचें पोस्टर पांचदां त्याच जागीं अचूक बसविणें, यास वेदपाठी ब्राह्मणाच्या तोडीची एकाग्रता लागते हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून कळत नाहीं. त्यांत 'विद्युत' हा शब्द त्यानें पायमोडका लिहिला नव्हता. आम्हीं चूक दाखविली, तेव्हां तो म्हणाला, "नाना, चौकट झाली आहे, आणि आतां मराठींत असाच लिहितात." या मुद्द्यावर आमचा समेट अद्यापि झालेला नाहीं.

राहिलें सादृश्य. त्याची परीक्षा आम्हीं केली नाहीं. ती आमच्या गल्लींतील एका टॅक्सीवाल्यानें केली. हे रत्नागिरीकडचे गृहस्थ, आयुष्य पद्मिनी हांकण्यांत गेलेलें. मुंबईंत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवला नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत जन्मलेली ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. चित्रापुढें ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, बाकी सगळं झकास आहे. पण मीटरचा झेंडा खालीं पाडलेला दाखवलाय, म्हणजे भाडं बसलंय. मग मागची सीट रिकामी कशी?" मुलगा चमकला. त्यानें दुसऱ्या खेपेची छपाई करतांना काळ्या रंगाची चौकट नव्यानें केली आणि मागच्या आसनावर छत्री घेतलेले एक वृद्ध गृहस्थ बसविले. ते कोणासारखे दिसतात हें घरांत सर्वांनीं ओळखलें; दादांनीं मात्र ओळखल्याचें दाखविलें नाहीं. टॅक्सीवाल्यांनीं एक प्रत पैसे देऊन नेली; फुकट घेण्यास ते तयार नव्हते.

दादांचा मूळ आक्षेप, जाहिरात ही कला नव्हे हा, यावर आम्हीं त्यांस दोन उदाहरणें दिलीं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) हे मूर्तिकार, चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक. १९२४ च्या 'कल्याण खजिना' या आपल्या चित्रपटाचें पोस्टर त्यांनीं स्वहस्तें केलें, आणि त्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. दुसरें कोल्हापूरचेच जी. कांबळे. आयुष्यभर सिनेमाचीं पोस्टरें रंगविणारा हा माणूस. परंतु सरकारी कचेऱ्यांतून शिवछत्रपतींचें जें चित्र आपण आदरानें पाहतों, तें त्यांच्याच कुंचल्यांतून उतरलेलें आहे. हात तोच, रस्त्यावरील फलकावर काम करून तो विटाळला नाहीं. दादा यावर एवढेंच म्हणाले, "बाबूराव पेंटर प्रत्येक घरांत जन्मत नाहींत." हें म्हणणें खोडून काढण्याजोगें नव्हतें.

या चित्रकारांचें सर्वच आम्हांस रुचतें असें कोणीं समजूं नये. १९६७ सालीं जिमी हेंड्रिक्स या प्रसिद्ध गिटारवादकाच्या एका तबकडीच्या वेष्टणावर आपल्याकडील विराट् पुरुषाचें छापील चित्र घेऊन त्यांत वादकांचे चेहरे बसविले गेले. स्वतः हेंड्रिक्स यांनाहि ती कल्पना फारशी पसंत नव्हती. जें रूप पाहून अर्जुनाची गाळण उडाली, तें विक्रीचा माल गुंडाळण्यास वापरणें आम्हांस अनुचित वाटतें. टॅक्सीस राक्षस करण्यांत चित्रकाराची प्रतिभा आहे. दुसऱ्याच्या देवास वेष्टण करण्यांत तिचा आळस आहे. हा भेद आम्हीं मुलास समजावून दिला, आणि त्यानें तो विनातक्रार ऐकला.

शेवटीं निर्णय झाला तो दादांच्याच तोंडून. अभियांत्रिकीची पदवी पुरी करावयाची. त्यानंतर दोन वर्षें मुलाचीं. मागच्या पडवींतील अर्धी जागा, जेथें वहिनी पापड वाळवितात, ती चौकटींसाठीं मोकळी करावयाची. आणि दरमहा जमाखर्चाची वही दादांपुढें ठेवावयाची. मुलानें कागद आणि शाई यांचा खर्च मांडला होता. जागेचें भाडें व स्वतःच्या श्रमाचें मोल मांडलेंच नव्हतें. ही उणीव ज्या आजोबांनीं दाखविली ते आजोबा त्याच्या विरुद्ध पक्षाचे होते, ही गोष्ट त्यानें लक्षांत ठेवावी असें आम्हीं त्यास एकांतांत सांगितलें. छापखाना चालेल कीं बुडेल, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. वही कोरी आहे.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर जोगेश्वरीचीं लेणीं आहेत. सहाव्या शतकांत ज्या हातांनीं तेथें शिवाचें नृत्य आणि शिवपार्वतींचा सारीपाट कोरला, त्या हातांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. त्यांच्याहि घरीं कोणी दादा असतील आणि पोटापाण्याची चौकशी करीत असतील. आजच्या पोस्टरांची त्या शिल्पांशीं बरोबरी करण्याइतके आम्ही भोळे नाहीं. आमचें वाचकांस सांगणें इतकेंच कीं, घरांतील मुलानें भिंतीवर विचित्र कांहीं लावलें, तर तें काढावयास लावण्यापूर्वीं त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसावें, आणि हें कसें केलें, येथें हा रंग कां, हा झेंडा खालीं कां, असें विचारावें. उत्तर देतांना त्याची जीभ अडखळली तर चित्र खुशाल उतरवावें. पण तो घड्याळ विसरून सांगूं लागला, तर वडील माणसांनीं वही आणि पेन्सिल घेऊन त्याच्या खर्चाचा हिशेब मांडण्यास बसावें, हें बरें.