नाव तेवढं घालू नका

सावेडीच्या प्रोफेसर कॉलनीत राहून कादंबरीवर चार ओळींचे अभिप्राय मिळवणं अवघड जाऊ नये. इथं 'सर' म्हणून हाक मारली तर तीन गॅलऱ्यांतून माणसं डोकावतात. तरी या उन्हाळ्यात एका अजून न छापलेल्या कादंबरीसाठी मी दारोदार फिरले आणि रिकाम्या हातानं परत आले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कादंबरी माझ्या जुन्या विद्यार्थिनीची. ती एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, मराठी शिकवते. विषयही कॉलेजातलाच: शेवटच्या वर्षाची मुलगी, सगळ्यांचे लाडके एक प्राध्यापक, प्रोजेक्टच्या मार्कांचं निमित्त, रात्री अकरानंतरचे मेसेज. पुढचं सांगत नाही. कॉलेजात नोकरी केलेल्यांना ते सांगावंही लागणार नाही. पुण्याच्या प्रकाशकांना प्रकाशनपूर्व सवलतीच्या पत्रकासाठी आणि मलपृष्ठासाठी शिक्षणक्षेत्रातल्या जाणत्या माणसांचे अभिप्राय हवे होते. "नगरचं तुम्ही बघा, मॅडम," म्हणाले. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी पुण्याहून येणाऱ्या फोनवर अजून नगरच असतं. स्पायरल बाइंडिंग केलेल्या प्रती आल्या, मी त्या वाटल्या.

सगळ्यांनी वाचली, हे विशेष. एरवी भेट दिलेलं पुस्तक आपल्याकडे टीव्हीशेजारी उभं राहतं. ही प्रत मात्र घरातल्या सुनांनीही वाचली. पाईपलाईन रोडला भाजी घेताना एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "अगदी आमच्या वेळचं लिहिलंय हो." मी म्हटलं, एवढंच लिहून द्या, एक ओळ. त्यांनी हात सोडला.

पण मला सांगायचंय ते एका सरांचं. निवृत्त उपप्राचार्य. शिस्तीचे, स्वच्छ, त्यांच्याविषयी कधी कुणी वावगं बोललेलं नाही. त्यांचा फोन सकाळी सहाला आला. रात्रभर वाचत होतो म्हणाले. पुढं बराच वेळ ते बोलत होते आणि मी ऐकत होते. कोणत्या पानावर मुलीची भाषा एकदम वयस्क होते, लेडीज रूममधली शिपाईण कशी हुबेहूब उतरली आहे, सगळं. मग म्हणाले, "एक चूक आहे बघा. तिनं चौकशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये दाखवलीय. तसं होत नाही. आम्ही लायब्ररी बंद झाल्यावर मागच्या खोलीत बसायचो. मुलीला कुणी बघू नये म्हणून. आणि तिला पाणी विचारायचं राहून जायचं."

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, सर, हेच लिहा. यापेक्षा चांगला अभिप्राय कुणी देणार नाही.

"लिहून कशाला? सांगतोय की तुम्हाला."

"छापायला लेखी लागतं, सर."

मग कारणं सुरू झाली. मुलगा त्याच संस्थेत आहे. त्याची बढती अडकली आहे. लोक म्हणतील, सर कुणाविषयी बोलताहेत. त्या वेळचे ते प्राध्यापकही हयात आहेत, सकाळी भिस्तबागेकडे फिरायला गेलं की समोर येतात. "वाटलं तर 'एक ज्येष्ठ प्राध्यापक' असं छापा. नाव तेवढं घालू नका." प्रकाशकांना हेही चाललं असतं. मीच नको म्हटलं. निनावी अभिप्राय हा काय प्रकार?

मी चिडले ते याच्यासाठी की कादंबरीत तेच आहे. ती मुलगी एकेकाला जाऊन सांगते. मैत्रिणीला, मॅडमना, मोठ्या भावाला. सगळ्यांचा तिच्यावर विश्वास बसतो, आणि प्रत्येक जण म्हणतो, मला यात घेऊ नकोस. ही पानं पेन्सिलीनं खुणा करत वाचलेल्या माणसांनी मला तेच उत्तर द्यावं?

कायद्यातही गाडी इथंच अडते. भंवरीदेवींच्या प्रकरणातून 1997 मध्ये विशाखा निकाल आला, 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला, 2016 मध्ये यूजीसीनं कॉलेजांसाठी वेगळे नियम अधिसूचित केले. विद्यार्थिनीचं प्रकरण असेल तर अंतर्गत समितीत तीन विद्यार्थी असावेत, विभागप्रमुख आणि वरचे अधिकारी नसावेत, नव्वद दिवसांत चौकशी पुरी व्हावी. नियम चांगले आहेत. पण तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांत. फार तर आणखी तीन. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करावी असंही म्हटलंय. हे किती मुलींना ठाऊक असतं?

हे मी सरांना तावातावानं ऐकवलं, तर त्यांनी गोवा विद्यापीठाचं उदाहरण दिलं. 2009 मधल्या विद्यार्थिनींच्या तक्रारी, विभागप्रमुख बडतर्फ, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चौकशी घाईत झाली म्हणून ती बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी. "घाई केली तर हे असं. नाही केली तर मुलगी पास होऊन निघून जाते. ती तीन वर्षं असते, आम्ही तीस." हे त्यांनी कुठं वाचून म्हटलेलं नव्हतं. असलं वाक्य या माणसाकडे आहे आणि ते तो कागदावर उतरवणार नाही!

अभिप्रायांचं हे प्रस्थ तसं मला पटतही नाही. एमर्सननं व्हिटमनला खासगी पत्रात कौतुक लिहिलं, तर या गृहस्थानं आपल्या कवितासंग्रहाच्या 1856 च्या आवृत्तीत त्यातलं वाक्य न विचारता पुस्तकाच्या कण्यावर सोन्यात छापलं. तेव्हापासून हे चाललंय. सायमन अँड शूस्टरच्या मुख्य विभागाच्या प्रकाशकानं 2025 च्या जानेवारीत जाहीर केलं की यापुढं लेखकांनी असे अभिप्राय गोळा करत फिरायची सक्ती नाही. शहाणा माणूस. मलपृष्ठ वाचून कुणी कादंबरी घेतं का?

आणि निनावीपणाला मी एवढी नाकं का मुरडावीत, तेही कळत नाही. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. मालतीबाई बेडेकरांनी तेव्हा खरं नाव घातलं असतं तर ते पुस्तक आलंच नसतं कदाचित. त्यांचं टोपणनाव आपण डोक्यावर घेतो आणि सरांचं 'एक ज्येष्ठ प्राध्यापक' आपल्याला भ्याडपणा वाटतं. मला वाटलं. आता तितकंसं वाटत नाही. तरी सरांना परत फोन केला नाही, हेही खरं. केला असता तर पुन्हा भांडले असते.

लेखिकेला मी लायब्ररीमागच्या खोलीचं सांगितलं. तिनं ते प्रकरण नव्यानं लिहिलं; पाणीही त्यात आलं. सरांचं नाव तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

प्रकाशकांनी तिलाही टोपणनाव घ्यायला सुचवलं होतं. सीएचबीवाल्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, आणि पुढच्या वर्षीचं पत्र तिच्या हातात अजून आलेलं नाही. मुखपृष्ठावर तिनं आडनावासकट स्वतःचं नाव घातलं आहे.